काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे

आईची एक शिष्या ऐरोलीला राहते. मे महिन्यातल्या एका शनिवारी ती घरी आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "बाई, तुमचं मार्चमधलं ललत रागाच्या पलट्यांचं रेकॉर्डिंग लावून बसले ना, की माझी पेटी कुठेच लागत नाही. काळी तीन दाबली तर पेटी खाली वाटते, पांढरी पाच दाबली तर वर जाते. मग मी पेटी ठेवूनच दिली. मोबाइलवरच्या तानपुऱ्याला बारीक फिरवायची सोय असते, तो फिरवून जुळवते आणि गाते."

सांगण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. आपण कशी युक्ती काढली, एवढंच तिला सांगायचं होतं. आईनेही "बरं केलंस" म्हटलं आणि चकल्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते. माझी मान वर झाली ती एका साध्या गोष्टीमुळे. मार्चमध्ये आई काळी चारमध्ये गात होती. काळी चारमध्ये गायलेलं गाणं काळी तीन आणि पांढरी पाचच्या फटीत जाऊन कसं बसलं?

पेटी ज्यांनी हाताळली नाही त्यांच्यासाठी: काळी तीन, मग पांढरी पाच, मग काळी चार असा खालून वर पट्ट्यांचा क्रम. म्हणजे गाणं एक पट्टी आणि शिवाय जवळजवळ अर्धी, एवढं खाली घसरलं होतं. एक पट्टी समजू शकते, दोनही समजू शकतात. माणूस थकतो, सर्दी होते, उत्साह नसतो, पट्टी उतरवून गातो. पण अर्धी? आईचा तानपुरा यंत्राचा आहे, त्याला खुंट्या पिळायच्या नसतात. तो सर्दीने उतरत नाही.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो, जुन्या चार मजली इमारतीत. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली त्याला दीड वर्ष झालं. सकाळी साडेआठला ड्रिलिंग सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत. त्याच्या आधी शाळेच्या बसगाड्या, त्यांच्या आधी दूधवाले आणि खालच्या मजल्यावरचा कुकर. रेकॉर्डिंगला स्वच्छ म्हणावी अशी वेळ उरते ती पहाटे साडेपाच ते सव्वासहा. आईला ती सोयीचीच, तिची रियाजाची वेळ आयुष्यभर हीच. मला मात्र त्या वेळी कुणी उठवलं तर मी माणसात नसते. म्हणून २०१६ साली मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, जो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, आईसाठी वेगळं लॉगिन करून दिलं आणि एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. कीबोर्डवरच्या एफ-नऊ या बटणावर आईने स्वतःची लाल टिकली चिकटवली. टिकली दाबली की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबली की बंद. तारखेच्या नावाने एमपीथ्री फाइल तयार होते, ती दुपारी आई ऐकते, वहीत दोन ओळी लिहिते आणि बरी वाटली तर शिष्यांना व्हॉट्सॲपवर पाठवते. टिकली अधूनमधून पडते. मग ती नवी लावते. बाकी देखभाल शून्य.

या फेब्रुवारीत जुन्या माइकची वायर तुटली आणि मी नवा यूएसबी माइक आणला. लावला, टिकली दाबली, फाइल आली. आईने ऐकून "बरा आहे, पण जरा जड वाटतो" असं म्हटलं. नवा माइक म्हणजे थोडा फरक पडणारच, असं मी सांगितलं आणि आठ-दहाची गाडी पकडायला निघाले.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे झालं ते मला त्या शनिवारी एकदम दिसायला लागलं. मार्चमध्ये आई ज्येष्ठमधाची काडी चघळायला लागली होती. कशाला, तर आवाज बसका लागतोय. वहीत "लय ओढते आहे, दम पुरत नाही" असं दोन-तीनदा लिहिलेलं. एप्रिलच्या मध्यात कधीतरी तिने तानपुऱ्याचं बटण काळी तीनवर आणून ठेवलं. तरुणपणी ती काळी पाचला गायची, साठीनंतर काळी चारला उतरली, आता सत्तरी उलटल्यावर आणखी खाली जायचं, यात तिला काही विचित्र वाटलं नसावं. तिने मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. म्हणाले, "वय झालं बाई आता तुझं." हसत म्हणाले होते. तीही हसली होती.

कुणी विचारेल, आयुष्य गाण्यात घालवलेल्या बाईला स्वतःचं गाणं उतरल्याचं कळू नये? मीही तिला विचारलं. तिचं उत्तर असं की सगळंच उतरलं असेल तर काय कळणार. आपल्या संगीतात सा कुठेही धरता येतो. सा खाली गेला आणि त्याच्याबरोबर तानपुरा, रे, ग, प सगळे त्याच मापाने खाली गेले, तर कुणाचं कुणाशी बिनसत नाही. प्रत्येक सूर आपल्या जागी असतो, फक्त ती सगळी जागाच हललेली असते. पेटी शेजारी ठेवून ताडून पाहावं असं ऐकताना कुणाच्या मनात येत नाही. त्या शिष्येच्या हातात पेटी होती म्हणून सापडलं. आणि तिनेही काय केलं, तर पेटी बाजूला ठेवली.

शिष्या गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले. माझ्या लॉगिनमध्ये तीच स्क्रिप्ट चालवली, तानपुरा काळी चारवर लावला, एक मिनिट रेकॉर्ड केलं, मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासलं. काळी चार. अगदी चोख. दुसऱ्यांदा केलं, तरी तेच. आणि मी आईला हाक मारून म्हणाले, "माझ्याकडे तर बरोबर येतंय."

मी पोटासाठी काय करते ते इथे सांगायला हवं. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. ठाणे सोडलं की दिघा गाव आणि मग ऐरोली, एवढाच प्रवास. आमच्या धंद्यात ज्या वाक्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते वाक्य हेच: माझ्या मशीनवर तर चालतंय. वीस वर्षं मी हे वाक्य ऐकून समोरच्या डेव्हलपरकडे ज्या नजरेने बघत आले, तीच नजर आईने मला दिली. अर्थात तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त चष्म्यावरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, तिने तिच्या लॉगिनमधून नेहमीसारखं रेकॉर्डिंग केलं. मी उठून ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि तेव्हा मला साक्षीदार सापडला. आईच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे, टिकटिक करणारं. गेली कित्येक वर्षं मी तिला सांगतेय की रेकॉर्डिंग करताना त्याचा सेल काढत जा, आणि ती विसरतेय. आलापाच्या मधल्या शांततेत ती टिकटिक स्पष्ट ऐकू येते, आणि ऑडॅसिटीच्या पट्टीवर बारीक काट्यांसारखी दिसते. आवाज मोठा करून मी एका काट्यापासून दुसऱ्या काट्यापर्यंतचं अंतर मोजलं. एक सेकंद यायला हवा होता. आला १.०८८. पुढचे साठ काटे मोजले. साठ सेकंदांऐवजी ६५.३ सेकंद.

घड्याळ बिघडलं म्हणावं तर ते भिंतीवर बरोबर वेळ दाखवत होतं. म्हणजे फाइलमध्येच काळ लांबला होता. आणि १.०८८ हा आकडा आवाजाच्या कामात हात घातलेल्या कुणालाही ओळखीचा वाटतो. ४८,००० भागिले ४४,१००.

आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो तो तुकड्या-तुकड्यांनी. सेकंदाला अमुक इतक्या वेळा हवेच्या दाबाचं माप घ्यायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. सेकंदाला ४४,१०० मापं ही सीडीची पद्धत, ४८,००० ही व्हिडिओवाल्यांची. दोन्ही पुरेशा आहेत, कारण कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं घेतली की काम भागतं. प्रश्न असा की मग दोन का? ४८,००० निदान समजूतदार आकडा आहे, चित्रपटाच्या २४, टीव्हीच्या २५ किंवा ३० चौकटींनी नि:शेष भागला जातो. ४४,१०० मात्र कानातून आलेलाच नाही, तो आला व्हिडिओ टेपमधून. डिजिटल आवाज साठवायला सुरुवातीला वेगळी यंत्रं नव्हती, तो व्हिडिओ टेपवरच चित्राच्या रेषांच्या रूपात लिहीत. एका रेषेत तीन मापं. अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत एका फील्डमधल्या, म्हणजे चित्राच्या अर्ध्या चौकटीतल्या, २४५ रेषा वापरायच्या, सेकंदाला ६० फील्ड: तीन गुणिले २४५ गुणिले ६०, म्हणजे ४४,१००. युरोपच्या पद्धतीत, जी आपल्या दूरदर्शननेही घेतली, २९४ रेषा आणि ५० फील्ड. करा गुणाकार, पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमला म्हणून हा आकडा राहिला. १९८२ साली जपानमध्ये पहिल्या सीडी विक्रीला आल्या, त्याच वर्षी आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला. ती टेप गेली, ते टीव्ही गेले, सीडीही जवळपास गेली. आकडा आमच्या चरईतल्या घरात अजून आहे. गंमत म्हणून सांगते, ४४,१०० हा २१० चा वर्ग आहे. दोन, तीन, पाच, सात या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग?"

तर माइक सेकंदाला ४८,००० मापं देत होता आणि फाइलवर लेबल ४४,१०० चं लागत होतं. ऐकताना यंत्र लेबल वाचतं आणि मापं सावकाश सोडतं. गाणं लांबतं, खाली जातं, जड होतं. कोडं संपलं होतं असं मला वाटलं. तेव्हा रविवारचे सात वाजले होते. खरी भानगड त्यानंतर सुरू झाली, कारण तेच मशीन, तोच माइक, तीच स्क्रिप्ट, आणि तरी माझ्या लॉगिनमध्ये ती काळी चारला काळी चारच म्हणत होती.

लिनक्सवर आवाजाचे थर आहेत. आमच्या घराच्या भिंतींसारखे, चुन्यावर डिस्टेंपर, डिस्टेंपरवर ऑइलपेंट, आधीचं कुणी खरवडलेलं नाही. सगळ्यात तळाला अल्सा, जे २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) आवाजाचा अधिकृत पाया झालं. त्याच्यावर पल्सऑडिओ आलं. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी पाइपवायर आहे. पल्सऑडिओचा मुळातला आकडा ४४,१००, पाइपवायरचा ४८,०००. प्रत्येकाची सेटिंगची फाइल वेगळी, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन, एक सगळ्या मशीनसाठी, एक ज्याच्या-त्याच्या लॉगिनपुरती.

मी सरळ वरच्या थरात घुसले. पाइपवायरच्या फाइलीत आकडे बदलले, सेवा पुन्हा सुरू केली, रेकॉर्ड केलं, ऐकलं, परत बदललं. तासाभराने लक्षात आलं की माझी स्क्रिप्ट पाइपवायरला विचारतच नाही. २०१६ मध्ये मी ती थेट अल्साशी बोलणारी लिहिली होती. ज्या दारातून पाहुणा आलाच नाही तिथे मी पहारा देत होते.

मग तळाशी गेले. रेकॉर्डिंग चालू असताना माइक प्रत्यक्षात कुठल्या वेगाने चालतोय, हे कर्नेल एका फाइलीत लिहून ठेवतं. आईच्या लॉगिनमधून पाहिलं: ४८,०००. माझ्या लॉगिनमधून पाहिलं: ४८,०००. इथे अर्धा तास गेला. तळाला दोघींचं सारखंच, वर स्क्रिप्ट दोघींची सारखीच, तरी फाइल वेगळी. याचा अर्थ जे काही होतं ते मधे होतं.

अल्सात माइकपर्यंत जायचे रस्ते प्लगिन नावाच्या तुकड्यांनी बांधलेले असतात. एकावर एक रचायचे. त्यातले दोन इथे कामाचे. एकाचं नाव एचडब्ल्यू. तो थेट यंत्राशी बोलतो, मधे काही करत नाही. यंत्राला जे जमत नाही ते त्यालाही जमत नाही. दुसरा प्लग. तो मध्यस्थ. तुम्ही ४४,१०० मागा, माइककडे ४८,००० च असू देत, प्लग खालून ४८,००० घेतो, मधल्या मधे हिशेब करून ४४,१०० करतो आणि तुमच्या हातात देतो. वरच्याला खालच्याचं कळत नाही, खालच्याला वरच्याचं.

आणि हे कोणी कुठे ठरवायचं? मशीनसाठीची एक फाइल, लॉगिनसाठीची दुसरी, आणि ती दुसरी नंतर वाचली जाते. तिच्यात एखाद्या नावाच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं तर त्याचा अर्थ होतो: या नावाखाली आधी जे काही लिहिलं असेल ते सगळं विसरा. उद्गारचिन्ह टाकलं नाही तर जुनं आणि नवं एकमेकांत मिसळतं. उद्गारचिन्हाचा इतका गंभीर उपयोग मी मराठी नाटकांच्या जाहिरातींतही पाहिलेला नाही. आमच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर सुक्या कचऱ्याबद्दल तीन नोटिसा आहेत, तीन वेगवेगळ्या सेक्रेटरींच्या, आणि वॉचमन चौथंच काहीतरी पाळतो, जे त्याला आधीच्या वॉचमनने सांगितलं होतं. तिथे एक उद्गारचिन्ह मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मशीनच्या फाइलीत "माइक" या नावापुढे एचडब्ल्यू लिहिलेलं होतं. तारीख २०१६. मीच लिहिलेलं. त्या काळात मला शुद्धतेचं वेड होतं, मधे कुणी नको, आवाज थेट यायला हवा. जुना माइक ४४,१०० वर चालायचा, त्यामुळे सगळं सुरळीत. माझ्या लॉगिनच्या फाइलीत मात्र त्याच नावापुढे उद्गारचिन्ह आणि प्लग. तारीख २०२०. लॉकडाउनमध्ये ऑफिसच्या मीटिंगसाठी घेतलेला हेडसेट थेट चालेना म्हणून मी प्लग लावून मोकळी झाले आणि विसरले. फाइलीचं नाव टिंबाने सुरू होतं, अशा फाइली यादीत दिसत नाहीत. आईच्या लॉगिनमध्ये ती फाइलच नव्हती. तिला २०१६ चाच कायदा लागू होता.

पण यंत्राला जे जमत नाही ते एचडब्ल्यूलाही जमत नाही असं मी वर म्हटलं. मग त्याने ४४,१०० मागितल्यावर गुपचूप ४८,००० कसे दिले? गुपचूप दिलेच नव्हते. रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम जवळात जवळचा आकडा घेतो आणि फरक पाच टक्क्यांच्या वर असेल तर इशारा छापतो. स्क्रिप्ट उघडून पाहिली तेव्हा दिसलं की त्या ओळीच्या शेवटी मी इशाऱ्यांसाठी एक वाट काढून ठेवलीय: डेव्ह-नल. लिनक्समधला बिनबुडाचा हौद. जे टाकाल ते नाहीसं होतं.

ती वाट का काढली तेही आठवलं. सुरुवातीच्या दिवसांत रेकॉर्डिंग सुरू झालं की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, कसलं रेकॉर्डिंग, किती मापं वगैरे. निरुपद्रवी ओळ. आई घाबरून यायची, "अगं, ते काहीतरी म्हणतंय." तिला त्रास नको म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं. मापांचा तो ओघ पुढे एमपीथ्री करणाऱ्या प्रोग्रॅमकडे जायचा तोही कच्चाच, लेबलाशिवाय, आणि त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की येईल ते ४४,१०० चं समज. तो समजत राहिला.

हौदाकडे जाणारी वाट बंद करून मी आईच्या लॉगिनमधून टिकली दाबली. पडद्यावर ओळी उमटल्या. त्यांचा अर्थ असा: दर अचूक नाही, मागितला ४४,१००, मिळाला ४८,०००, कृपया प्लग प्लगिन वापरून पाहा. "कृपया" खरंच आहे त्यात. फेब्रुवारीपासून रोज पहाटे साडेपाचला तो हे "कृपया" म्हणत होता, आणि मी पलीकडच्या खोलीत झोपलेली होते.

या सगळ्यात चुकीचं काम कुणीच केलं नव्हतं, म्हणून मला राग धरायला जागा सापडेना. माइक बरोबर, एचडब्ल्यू बरोबर, एमपीथ्रीवाला सांगितल्याप्रमाणे. २०१६ ची मी बरोबर होते, २०२० ची मीसुद्धा. प्रत्येकाने आपापल्या जागी चालवून घेतलं होतं. चालवून घेणं हा आपल्याकडे गुण समजला जातो आणि मीही तो समजत आले आहे. सून चालवून घेते, शेजारी चालवून घेतात, आठ-दहाच्या गाडीत चौथी सीट चालवून घेतली जाते. त्या शिष्येने तानपुरा फिरवून चालवून घेतलं. आईने काळी तीन चालवून घेतली. प्लग तर जन्मालाच चालवून घ्यायला आलेला. पण त्या दिवसापासून माझं मन एचडब्ल्यूच्या बाजूला झुकलंय हे कबूल करते. त्याच्याशी संसार अवघड, तो सारखा तोंडावर सांगतो की हे नाही जमणार. मी त्याचंच तोंड दाबलं होतं, आणि ते दाबलेलं असताना तो प्लगपेक्षा वाईट निघाला.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. टिंबवाली फाइल काढून टाकली. सगळीकडे ४८,००० केलं, माइक जे देतो तेच. माइकचा पत्ता नंबराऐवजी नावाने लिहिला, कारण नंबर यूएसबी कुठल्या क्रमाने जोडलं त्यावर बदलतात. कच्च्या ओघाऐवजी आता वेव्ह फाइल होते, जिच्या कपाळावर तिचा वेग लिहिलेला असतो, आणि तिची एमपीथ्री मागाहून. हौद बंद.

जुन्या ८१ फायलींचं काय करायचं याची मला धास्ती होती, पण तिथे काही बिघडलेलंच नव्हतं. मापं तीच, जशी गायली तशी. ऑडॅसिटीत उघडून वेगाचं लेबल ४४,१०० वरून ४८,००० करायचं, की गाणं जागेवर. मार्चमधला एक ललत तसा केला आणि आईला बोलावलं. हेडफोन तिला आवडत नाहीत, स्पीकरवर लावला. शेजारी पेटी ठेवली, काळी चार दाबली. लागली.

आई पूर्ण अकरा मिनिटं ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काय अपेक्षा होती कोण जाणे. शेवटी म्हणाली, "सा बरा आहे. शुद्ध मध्यमावरून तीव्रावर जाताना घाई केलीय." मग थोड्या वेळाने, चहाचे कप उचलता उचलता, "म्हणजे मार्चमध्ये आवाज असा होता?" मी हो म्हटलं. तिने ज्येष्ठमधाची डबी फडताळात आत सरकवली. पुढचं काही बोलली नाही.

सोमवारी पहाटे पावणेसहाला माझ्या दारावर थाप. "अगं, ते काहीतरी म्हणतंय."

गेले. पडद्यावर लिहिलं होतं की माइक दुसरं कुणीतरी वापरतंय. रात्रीची ऑफिसची मीटिंग मी माझ्या लॉगिनमध्ये उघडी ठेवून झोपले होते. ती बंद केली. आई तानपुरा चालू करून उभी होती. "कालपर्यंत निमूट चालायचं," म्हणाली. मी म्हटलं, यापुढे बोलेल, आणि बोललं की मला उठवायचं.

परत झोपायला जायचं मनात होतं, पण तिथेच खुर्चीत बसले. नऊ वर्षांत तिचं रेकॉर्डिंग चालू असताना मी त्या खोलीत कधी बसले नव्हते. तिने टिकली दाबली. तानपुऱ्याचं बटण काळी तीनवर होतं, ते तिने काळी चारवर नेलं आणि गायला लागली. पंचमापर्यंत गेली. वरच्या सा ला हात घातला, धरला, सोडला. मग गाणं न थांबवता, एका हाताने, तिने बटण पुन्हा काळी तीनवर आणलं. नवा सा लावला. रेकॉर्डिंग चालूच होतं. खालच्या षड्जात ती बराच वेळ राहिली, आणि तो मला फार मोकळा वाटला. तीन महिन्यांच्या सवयीने मोकळा, की खरोखर वयाने तिला तिथेच यायचं होतं, ते मी विचारलं नाही. माझा कान तेवढा तयार नाही.

मधे एकदा ती थांबली तेव्हा टिकटिक ऐकू आली. सेल तिने आजही काढला नव्हता.